आवडतं, पण येत नाही

मला गणित फार आवडतं आणि मला गणित येत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण एका दमात म्हटली की ऐकणारा त्यातलं एक खोटं ठरवूनच पुढे जातो. कुणी म्हणतं, "उगाच विनय नको दाखवू." कुणी म्हणतं, "मग आवडत नसेल रे, नुसतं कौतुक असेल." आमच्या चाळीसगावकडचे आप्पा, नाना तर आडपडदा ठेवतच नाहीत. सरळ अहिराणीत विचारतात, "त्याना काय फायदा शे?" म्हणजे, त्याचा फायदा काय?

मी ऑटिस्टिक आहे. निदान मोठेपणी झालं, नाशिकला. तोवर मी घरात ‘एककल्ली’ होतो आणि शाळेत ‘हुशार पण आळशी’. आता घरच्या किराणा दुकानात असतो. माल लावतो, याद्या करतो, कुठल्या डब्यात काय आणि किती उरलंय ते न बघता सांगतो. गल्ल्यावर मात्र बसत नाही. पाचशेची नोट देऊन कुणी तीनशे सदतीसचा माल नेला की परत किती द्यायचे यात मी अडकतो. मागे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की जे सुचत होतं तेही जातं. क्यूआर कोड आला आणि माझी अर्धी भीती गेली, देव त्या माणसाचं भलं करो.

आणि याच दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसून मी भास्कराचार्य वाचतो. शाळेत असल्यापासून वाचतोय. जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. ‘लीलावती’चं फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलं. इंग्रजीत आधी टेलरचं, मुंबईत छापलेलं, १८१६ सालचं. कोलब्रुकचं त्यानंतर वर्षभरानं, लंडनहून. ‘बीजगणिता’तला ६१ चा प्रश्न तर मी झोपेतही सांगेन : अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर उत्तर पूर्ण वर्ग यावं. सगळ्यांत लहान संख्या २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न फर्मा नावाच्या फ्रेंच माणसानं १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला, तेव्हा असे प्रश्न सोडवायच्या भास्कराचार्यांच्या चक्रवाल पद्धतीला पाचशे वर्षं होऊन गेली होती.

हे ऐकून पाहुणे खूश होतात. आई चहा ठेवते. मग पाहुण्यांपैकी एखादे निवृत्त गुरुजी म्हणतात, "मग ६१ च्या जागी १३ घे आणि सोडव."

तिथे संपलं. मला नाही येत.

कसं नाही येत, हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मी लाजतोय. ‘लीलावती’तलं वेळूचं उदाहरण घ्या. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२. हे मला पाठ आहे, आणि नुसतं पाठ नाही, समजलेलंही आहे. मागे एकदा शेतात मी आणि भाचीनं ३२ हात दोरी मोजून घेतली, खांबावर १२ हातांवर बांधली आणि उरलेली २० हात ताणून जमिनीला लावली. बरोबर १६ वर टेकली. १२ चा वर्ग १४४, १६ चा २५६, बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग. तो ताण हातात जाणवला तेव्हा मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. पण आकडे बदला. वेळू ५० हातांचा करा. मला काय करायचं ते माहीत असतं, पहिली पायरी मी लिहितो, दुसरी लिहीपर्यंत पहिलीत काय आलं होतं ते गेलेलं असतं. कागदावर बघतो तर अंक जागा बदलून बसलेले. मीच लिहिलेले. तिसऱ्या पायरीवर कानात आवाज सुरू होतो आणि मग पंखा, फ्रीज, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळं एकदम डोक्यात शिरतं.

म्हणजे मला गोष्ट कळते, तिची चाल कळते, ती सुंदर का आहे हे कळतं, आणि ती करता येत नाही. ऑटिझमच्या जोडीला अंकांची अडचण असणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. काहींना चित्रकला हवी असते आणि बोटं ऐकत नाहीत. काहींना माणसं फार आवडतात, मित्र हवे असतात, आणि बोलणं कुठे थांबवायचं ते उमगत नाही. हे शेवटचं सगळ्यात जास्त दुखतं असं मला वाटतं, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

लोकांचा घोटाळा कुठे होतो? आवड आणि कुवत या एकाच झाडाला लागतात असं सगळे धरून चालतात. डिनाह मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलेली एक कल्पना मला पटते. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींकडे, पण फार जोरानं जातं, असं ते म्हणतात. माझ्या बाबतीत अगदी खरं आहे. पण लक्ष जाणं वेगळं आणि तीन आकडे डोक्यात धरून चौथा काढणं वेगळं. पहिलं माझ्याकडे भरपूर आहे. त्यानं दुसरं वाढत नाही, कितीही वाट बघितली तरी.

डॉक्टरी भाषेतही आमच्या आवडीला दोनच जागा आहेत. एक, लक्षण म्हणून. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत असामान्य तीव्रतेच्या, ठरावीक आवडी हा ऑटिझमचा एक निकषच आहे. दोन, चमत्कार म्हणून. आपल्याकडे ऑटिझम मोजायला जी भारतीय प्रश्नावली वापरतात, आयएसएए, तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातला चाळीसावा, अगदी शेवटचा मुद्दा म्हणजे एखाद्या गोष्टीतलं असामान्य कौशल्य. तपासणाऱ्या बाईंनी तो विचारला तेव्हा आईनं मोठ्या आशेनं माझ्याकडे बघितलं होतं. चाळीसही मुद्दे मी नंतर घरी बसून वाचले. ‘आवड जीवापाड आहे पण जमत नाही’ याला त्यात घर नाही. ठीक आहे, प्रश्नावलीचं ते काम नाही. पण नातेवाइकांनीही प्रश्नावलीसारखंच का वागावं?

क्रिकेटचं बघा. भारताची मॅच असली की आमच्या गल्लीत टीव्हीसमोर वीस माणसं. त्यात एकालाही सरळ बॅट धरता येत नाही. कुणाला पोटामुळे बूट बांधता येत नाहीत. तरी कोणत्या चेंडूवर काय करायला हवं होतं यावर सगळे तावातावानं बोलतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की दादा, तुम्ही रणजी का नाही खेळलात? त्यांच्या आवडीचा कुणी उपयोग विचारत नाही, तिला आजारही म्हणत नाही. ती आवड आहे, बस. मला तेवढंच हवंय. मी गणिताचा प्रेक्षक आहे. मॅच बघायला मला तिकीट लागू नये.

ऑटिस्टिक मुलांच्या ‘प्रतिभे’चे व्हिडिओ फिरतात, तेव्हा मला चार जण तरी पाठवतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी ‘लाइक’चा अंगठा टाकून सोडून देतो. पण एकदा बोलूनच टाकतो : त्या व्हिडिओंनी आमचं नुकसान होतं. पाच वर्षांचा मुलगा पियानो वाजवतो, कुणी तारखेवरून वार सांगतो, खाली लिहिलेलं असतं की देव एक दार बंद करतो तर दुसरं उघडतो. आमच्यातल्या बहुतेकांसाठी देवानं दुसरं दार वगैरे काही उघडलेलं नाही. असामान्य कौशल्य असणारे थोडे. बाकीचे साधे आहेत, कित्येकांना बौद्धिक अक्षमताही आहे. त्या साध्या मुलांच्या आया तो व्हिडिओ बघतात आणि आपल्या पोरात कुठे काही दडलंय का ते शोधत बसतात. शिवाय मेलेल्या शास्त्रज्ञांना निदानं चिकटवण्याचा एक उद्योग आहेच. न्यूटन घ्या, आइन्स्टाइन घ्या. त्यांना तपासलं कुणी? लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञानं ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला तो १९४३ साली, ११ मुलांवर.

आयांचा विषय निघालाय तर आणखी एक. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, एसटीचा वेडा. धुळे, मालेगाव, कन्नड, भडगाव, कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, सगळं तोंडपाठ. एकटा प्रवास करू शकत नाही, गर्दीत चढताच येत नाही. त्याला शिकवणाऱ्यांनी घरच्यांना युक्ती दिली : आधी एक पान लिहून दाखवलं तरच स्टँडवर न्यायचं. मला कळतं, लिहायला यायला हवं. पण त्या पोराचं दिवसभरातलं एकच सुख तुम्ही मजुरीत धरलं. तुमची संध्याकाळची मालिका कुणी अशी पान लिहिण्यावर ठेवली तर चालेल का? लिहिणं लिहिण्याच्या जागी शिकवा. स्टँड त्याचं त्याला राहू द्या.

सवलतींच्या मी विरोधात नाही, उलट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, परीक्षेत लेखनिक मिळू शकतो, तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळू शकतात. माझ्या वेळी निदानच नव्हतं, त्यामुळे मला यातलं काही मिळालं नाही. ज्यांना मिळू शकतं त्यांनी भांडून घ्यावं. फक्त एवढंच की ज्याला हळू जमतं त्याला २० मिनिटं पुरतात, आणि ज्याला जमतच नाही त्याला २० वर्षंही पुरत नाहीत. हे दुसऱ्या प्रकारचं वाक्य कुणी उच्चारायला तयार नसतं. "प्रयत्न केले की सगळं येतं" हे आपलं राष्ट्रगीत आहे. मी प्रयत्न केलेत. वाळूचे कण रगडून तेल गळतं हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, माझ्या वाळूतून नाही गळालं.

आता तेलावरून आठवलं म्हणून पाटणचा शिलालेख. चाळीसगावपासून जवळच, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ च्या सुमारास मठ काढला. (आपल्याकडे चांगदेव म्हटलं की तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी डोळ्यांसमोर येतात. हा वेगळा, हा देवगिरीच्या सिंघण यादव राजाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी.) मठ कशासाठी, तर आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो लेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. बराचसा संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे भाषा एकदम जुनी मराठी होते, कारण ते बाजारातल्या माणसांना कळायला हवं होतं. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचं देणं मठाला. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला.

मी किराणा दुकानदाराचा मुलगा, त्यामुळे माझं लक्ष त्या तेल्यावर जातं. त्याला कुट्टक, म्हणजे पूर्णांकांतली उत्तरं काढायची भास्कराचार्यांच्या ग्रंथातली रीत, येत होतं का? चक्रवाल? काय माहीत. पण त्याच्या पळीवर तिथली गणिताची समई जळत असणार, आणि दगडावर त्याची नोंद आहे. आणि चांगदेव आपल्या लक्षात राहिला तो नवा सिद्धांत मांडला म्हणून नाही, मठ काढला म्हणून. हे वाचलं त्या रात्री मी फार वेळ जागा होतो. मला वाटलं, बाबा, गणिताच्या आसपास राहायला इतक्या जागा आहेत.

यानं दुःख गेलं असं मात्र कुणी समजू नका. नाही गेलं. मला ते करायचं होतं. बघायचं नव्हतं, करायचं होतं. कॉलेजात गणित घेता आलं नाही, बी.ए. केलं, अजूनही कुणी फळ्यावर भराभर सोडवताना दिसलं की माझ्या पोटात दुखतं. आवडीनं आयुष्य भरून जातं हे खरं, आणि तीच आवड रोज आपली कुवत मोजून दाखवते हेही खरं. समजूत घालायला लोक म्हणतात, "दुसरं काहीतरी आवडून घे, जे जमेल असं." त्यांना वाटतं आवड ही निवडून घेतलेली असते. मला याद्या उत्तम जमतात. याद्या आवडत नाहीत.

सध्या एक व्यवस्था बसलीय. भाची अकरावी सायन्सला आहे. तिला इतिहासाचा कंटाळा, मला आकडेमोड जमत नाही. रविवारी दुपारी ती हिशेब करते, मी श्लोक वाचून पुढची पायरी काय ते सांगतो. मोबदला शेवभाजी, तीही बाहेरची, घरची चालत नाही. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून १३ चा प्रश्न सोडवला. उत्तर १८०. (१८० चा वर्ग गुणिले १३, अधिक १, म्हणजे ६४९ चा वर्ग. करून बघा.) त्यातला एकही गुणाकार माझा नाही. ती म्हणाली, "मामा, हे तुम्हीच सोडवलं." मी तिला म्हटलं, खोटं बोलू नको, आपण सोडवलं.

त्या गुरुजींना उत्तर कळवलंय. ते म्हणाले, "भाचीनं केलं ना?" मी हो म्हटलं.

पाऊस पडून गेला की पाटणादेवीला जायचं ठरतंय. तेव्हा गौताळ्याचं रान हिरवं असतं आणि गर्दीही सोसवते, वार नीट निवडला तर. गाडीत एक जागा रिकामी आहे. कुट्टक नीट समजावून सांगेल असा कुणी माझ्या मित्रयादीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, आम्ही दोघंही त्याच्यावर अडलोय. कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्याकडून. गाडीत गाणी लागणार नाहीत.