यष्टी येईस्तोवर

परवा रविवारी जिंतूर-औंढा रस्त्यावर माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा. या झाडाला आमच्याकडं पाऊस लागत नाही, खत लागत नाही, राखण लागत नाही; लागतो तो फक्त दुसऱ्याचा टायर. माझी तयारी चोख होती. टायर ट्यूबलेस, पेटीत पंक्चरचं किट, हवेचा छोटा पंप, हातमोजेसुद्धा. चाक फिरवत काटा शोधायचा, उपटायचा, भोकात दोरी ठोसायची आणि निघायचं. फक्त चाक फिरायला ते अधांतरी हवं, आणि त्यासाठी गाडी डबल स्टँडला लावायला हवी.

गाडी २०० किलोची. वर दोन्ही बाजूंच्या पेट्या, त्यात दोन दिवसांचे कपडे आणि सासुरवाडीला निघालेली पाच किलो तूरडाळ. मी ६२ किलोचा, तेही जेवण झाल्यावर.

पहिला हिसका दिला, गाडी हलली नाही. दुसरा दिला, कंबर हलली. तेवढ्यात एसटीच्या निवाऱ्यातून आवाज आला, "पाव्हणं, बैल बसला का?"

निवाऱ्यात एक म्हातारा बसला होता. धोतर, कोपरी, डोक्याला रुमाल, मांडीवर चंची. त्यानं चंचीची पुरचुंडी सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला आणि अंगठ्यानं असा सावकाश मळायला लागला, की जणू तमाशाचा पडदा वर जायचाय आणि पुढच्या रांगेतलं तिकीट त्याचंच आहे.

"पंक्चर झालीय," मी म्हणालो.

"मंग उचलायलाव काहून? पंक्चर खाली हाय."

यावर काय बोलणार? मी पुन्हा स्टँडच्या दांडीवर पाय ठेवला.

"कितीला घेतली?"

मी पन्नास हजार कमी करून सांगितलं. बायकोलाही तोच आकडा सांगितलाय, म्हणजे निदान माझ्या खोटेपणात एकवाक्यता आहे.

"दोन मुऱ्हा आल्या असत्या," म्हातारा म्हणाला. "किती देती?"

"तीसच्या आसपास."

"लिटर?"

"किलोमीटर."

"आसं," म्हणून त्यानं तंबाखूवर थाप मारली. धूळ माझ्या नाकात. "आमची म्हैस तेवढं देत नाई. पण उठती आपली आपण."

नोकरीची चौकशी झाली. कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर मी पाव्हण्याचा सर झालो, आणि इज्जत वाढायच्या ऐवजी प्रश्न कडक झाले.

"सर, तुमचं वजन?"

"बासष्ट."

"अन् हिचं?"

"दोनशे."

"मंग?"

हा "मंग" मला अजून झोपू देत नाही.

वास्तविक याचं उत्तर माझ्याकडं होतं. डबल स्टँडला ताकद लागत नाही, असं मी पन्नासेक व्हिडिओंतून शिकलोय. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कडीला. गाडी सरळ उभी करायची, दांडी हलकेच दाबून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का बघायचं. एकच टेकला असेल तर जन्मभर जोर लावा, उपयोग नाही. दोन्ही टेकले की हातांनी ओढायचं नाही, सगळं वजन दांडीवर टाकून उभं राहायचं. गाडी आपोआप मागं सरकत वर चढते. व्हिडिओत एक काडीसारखी पोरगी माझ्या गाडीपेक्षा जड धूड असं लावते आणि वर हसते. मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची फळी सरकवली तर काम निम्मं, असंही ती सांगते. बरोबरच आहे, स्टँडला गाडी जेवढी उचलायची, त्यातली बोटभर उंची फळीनं आधीच दिलेली असते.

पण ती पोरगी उभी असते गुळगुळीत फरशीवर. तिनं एकदा आमच्या रस्त्याच्या कडेला यावं. रस्ता सिमेंटचा झाला, गुळगुळीत झाला, झकास झाला. साइडपट्टी मात्र भरायची राहिली ती राहिलीच. सिमेंट संपतं तिथून वीतभर खाली थेट काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात लोणी. साइड स्टँड तर तिच्यात असा रुततो, की मी पेटीत खास त्याच्याखाली ठेवायला चेपलेला डबा बाळगतो. तेलाचा. माझा एक मित्र तव्याचा तुकडा बाळगतो. पर्यटनाला निघालेली माणसं आहोत आम्ही, भंगारवाले नाही, पण बघणाऱ्याला कसं कळणार?

आणि हा डबल स्टँड गाडीबरोबर आला नव्हता. वेगळे पैसे मोजून बसवून घेतला. शोरूमच्या पोरानं तिथल्या टाइल्सवर एका पायात "खटाक" करून दाखवला. तो खटाक आम्ही लहानपणी रोज ऐकायचो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या भागात घरोघरी स्कूटर म्हणजे जणू आपल्याच गावचं लेकरू झालं. वडील एका हातात दुधाची बरणी धरून नुसत्या पायानं स्कूटर स्टँडला लावायचे. मी हँडलला लोंबकळायचो, तर म्हणायचे, "अरे ओढू नको, त्याच्यावर उभा राहा." स्टँड तेव्हा किमतीतच असायचा, हे मला आत्ता लिहिताना पुन्हा झोंबलं.

असो. म्हातारा.

पंचाहत्तरी झाली की एसटीत तिकीट लागत नाही. ही सोय २०२२ साली आली. उत्तम सोय आहे, माझ्या आईलाही उपयोगी पडते. पण त्यामुळं फाट्याफाट्यावर रिकामा वेळ असलेले तज्ज्ञही बसवलेत, हे कुणी लक्षात घेतलं नाही. "यष्टी येईस्तोवर मोकळाच हाय मी," असं त्यानंच मला दिलासा दिल्यासारखं सांगितलं. मग टपरीवाला आला. दोन पोरं मोटारसायकलवरून ट्रिपल सीट चाललेल्या बापाला थांबवून उतरली. बाप पण उतरला. म्हाताऱ्यानं प्रत्येक येणाऱ्याला पहिल्यापासून सांगितलं: वजन, किंमत, ॲव्हरेज. शेवटी "अन् सर हायेत." एकानं मोबाइल काढला. हात मात्र कुणी लावला नाही. आमच्याकडं गाडी पडली तर दहा माणसं धावतात, शेतातून धावतात, चहासुद्धा पाजतात. पण पडायच्या आधी यायची पद्धत नाही.

"तिच्या शेपटीला धरा," म्हातारा म्हणाला.

मी धरली होती.

"आता कानात फुंका."

सगळे हसले. मी पण हसलो, कारण दुसरं काय करणार? मग रागानं असा जोर लावला की बुटाचा तळवा दांडीवरून निसटला आणि नडगी सोलून निघाली. अजून निळी आहे. बायकोला सांगितलंय, पलंग लागला.

तेवढ्यात यष्टी आली. म्हाताऱ्यानं चंची बांधली, रुमाल झटकला, चढला, खिडकीशी बसला आणि गाडी सुटताना डोकं बाहेर काढून ओरडला, "सर! गेर मोकळा करा की!"

उतारावर सरकू नये म्हणून मी गाडी पहिल्या गिअरमध्ये लावली होती. चाक अडकलेलं. गाडी मागं सरकणार कशी? शिवाय बसलेल्या टायरनं मागची बाजू खाली गेली होती, म्हणजे स्टँडला नेहमीपेक्षा जास्तच उचलायची होती. आधी पंपानं हवा भरायला हवी होती, काटा असला तरी दहा मिनिटं टिकतेच. पंप पेटीत, तूरडाळीखाली. गर्दी पांगली तेव्हा मी न्यूट्रल केलं, हवा भरली, दोन्ही पेट्या उतरवल्या, टपरीमागचा शहाबादी फरशीचा तुकडा चाकाखाली घातला आणि दांडीवर उभा राहिलो.

खटाक.

मी आजूबाजूला पाहिलं. एक शेळी होती. तिनं पाहिलं नाही.

तासाभरानं औंढ्याला एसटी स्टँडसमोरून जाताना हॉटेलच्या बाकड्यावर तोच रुमाल दिसला. भोवती चार-पाच जण. "हेच ते सर," तो उठून म्हणाला. मला थांबावं लागलं.

"लागली का?"

"लागली."

"कोण लावली?"

"मीच."

तो बाकीच्यांकडं वळला. "गेराचं म्या सांगितलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यानं पुन्हा चंची सोडली, बाकड्यावर नीट बसून घेतलं आणि म्हणाला, "मंग हितं लावून दाखवा की एकदा."

मी साइड स्टँड काढला आणि पेटीतून डबा.