चहा दिसतो, पण पोहोचता येत नाही

हिंजवडीतील माझ्या कार्यालयाच्या खिडकीतून समोरच्या संकुलातील उपाहारगृह स्पष्ट दिसते. तिथे कोणत्या टेबलावर कोण बसले आहे, हेही ओळखू येते. तरीही तिथे चहाला जायचे म्हटले, तर आमच्या कुंपणाला वळसा घालून, एकमेव फाटकातून ओळखपत्र दाखवून बाहेर पडून, पदपथ म्हणवल्या जाणाऱ्या खोदलेल्या पट्टीवरून चालत, मग त्यांच्या फाटकावर वहीत नाव, वेळ आणि भेटीचे कारण लिहून आत शिरावे लागते. कारणाच्या रकान्यात ‘चहा’ असे लिहिण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

प्रत्येक संकुल म्हणजे जणू भुईकोट किल्ला: आत हिरवळ, कारंजे आणि ज्यावर कुणीही बसत नाही असे बाक, बाहेर मात्र सावलीपुरते झाडही नाही. घरे एकीकडे आणि कार्यालये दुसरीकडे ठेवली, की हजारो माणसे एकाच वेळी एकाच दिशेने निघणार आणि वाकडच्या पुलाशी किंवा शिवाजी चौकात अडकणार, हे कळायला नगररचनेची पदवी लागत नाही. शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. पण स्थानकावर उतरल्यानंतर पुढे काय? फाटकापासून इमारतीच्या दारापर्यंतचे अंतर गाड्यांच्या हिशेबाने आखलेले आहे, आणि चालणाऱ्याला ते भर उन्हात, वाहनतळाच्या तापलेल्या सिमेंटवरून, गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत कापावे लागते.