घरबसल्या कॅथलॅब म्हणे!

‘नोकरी न सोडता, घरबसल्या कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट व्हा! शंभर टक्के जॉब गॅरंटी!’ सात रस्ता म्हणू नका, जुळे सोलापूर म्हणू नका, रिक्षाच्या पाठीवर, विजेच्या खांबावर, आता तर मोबाईल उघडला तरी हीच जाहिरात. फोटोत गोरीपान मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात सिरिंज. ईसीजी काढायला सिरिंज कशाला लागते हो? ज्यांना एवढं माहीत नाही ते लोकांना हृदयाच्या तपासण्या शिकवणार, आणि त्याही पीडीएफमधून.

डोकं फिरलंय माझं. आज लिहूनच टाकते.

मी सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, आणि टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढायचा ईसीजी, करते. बीएस्सी झालेय. हे काम मला एका जुन्या टेक्निशियन सरांनी शेजारी उभं करून शिकवलं, चुकलं की हातावर चापट मारून. काम येतं, कागद नाही. कागद नाही म्हणून पगारपत्रकावर मी ‘हेल्पर’. पगारवाढीचा विषय काढला की एचआरवाला म्हणतो, ‘मॅडम, क्वालिफिकेशन आणा की.’ आणि मध्यरात्री छातीत कळ आलेला पेशंट दारात आला की तोच दवाखाना मला झोपेतून उठवून बोलावतो. तेव्हा क्वालिफिकेशनचं नाव कुणी काढत नाही.

बरं, आणू म्हटलं क्वालिफिकेशन. पूर्ण वेळेची पदवी करायची तर दिवसभर हजेरी, वर इंटर्नशिप. बारावी झालेल्या पोरापोरींना ते ठीक आहे. माझ्या घराचा हप्ता तोवर कोण भरणार, प्राचार्य? एका कॉलेजात संध्याकाळची बॅच आहे का म्हणून विचारलं, तर खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात मटण मागितलं. नातेवाईक वेगळेच. ‘अगं, हल्ली सगळं ऑनलाइन होतं की!’ ज्यांना अजून गॅसचा नंबर दुसऱ्याकडून लावून घ्यावा लागतो, ते मला ऑनलाइन शिकवणार.

तर उरलं दूरशिक्षण. गेले मी त्या सेंटरवर. मोबाईलच्या दुकानावरची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात टाय लावून बसलेला एक काउन्सेलर. मी विचारलं, प्रॅक्टिकल कुठं होणार? ‘मॅडम, तुम्ही ऑलरेडी हॉस्पिटललाच आहात ना? मग झालं की तुमचं प्रॅक्टिकल!’ शेजारी बसलेली मुलगी कापडाच्या दुकानात कामाला होती. तिनंही तेच विचारलं. तिला म्हणाला, ‘ओळखीतलं एखादं हॉस्पिटल बघा, आम्ही लेटर देतो.’

म्हणजे जिच्याकडं हॉस्पिटल आहे तिला शिकवायची गरज नाही, आणि जिच्याकडं नाही तिनं ते स्वतः शोधायचं. मग फी कशाची घेता बाबा? कुरिअरची?

मान्यता विचारली तर भिंतीकडं बोट. आयएसओचं प्रमाणपत्र, फ्रेम करून. अरे, आयएसओ म्हणजे तुमच्या ऑफिसचा कारभार ठरलेल्या पद्धतीनं चालतो एवढंच. डिप्लोमा खरा की खोटा याच्याशी त्याचा काय संबंध? दुसरी फ्रेम, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीकृत. त्या कायद्याखाली आमच्या गल्लीतलं मंडळही नोंदवता येईल. उद्या ते आरतीबरोबर अँजिओग्राफीचे क्लास काढणार का? यूजीसी, म्हणजे विद्यापीठांवरचा आयोग, म्हटल्यावर टायवाला गोड हसला. ‘मॅडम, हा स्किल कोर्स आहे. याला यूजीसी लागतच नाही.’

आता याचा परिणाम काय होतो ते ऐका. आमच्याकडं एक पोरगा लागला. अशोक चौकाकडचा, वडील यंत्रमागावर. माग कधी चालू, कधी बंद, त्यातून त्या माणसानं हप्त्याहप्त्यानं पोराच्या असल्याच डिप्लोमाची फी भरलेली. पोरगा हुशार, कष्टाळू, बोलायला नम्र. त्याचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची वही, बघितली मी. ईसीजी, टीएमटी, इको (हृदयाची सोनोग्राफी), कॅथलॅब, सगळ्या केसेस भरलेल्या, एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत. कॅथलॅब, म्हणजे हृदयात नळी घालून तपासणी करायची खोली, तिचं दार त्यानं तोवर बाहेरूनच बघितलेलं.

पहिल्याच रात्री त्यानं काढलेला ईसीजी हातात आला तर पहिली लीड, म्हणजे आलेखातली पहिली रेघ, उलटी, आणि एव्हीआर नावाची लीड, जी नेहमी खाली तोंड करून असते, ती ताठ वर. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टरही नवीन, त्याचाही चेहरा उतरलेला. मी जाऊन बघितलं. लाल वायर डाव्या हाताला, पिवळी उजव्या हाताला. लाल उजव्या हाताला लागते, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. हे त्याला पाठ होतं! मग चुकलं कसं? त्यानं वायरी पुस्तकातलं चित्र डोळ्यासमोर ठेवून लावल्या होत्या. चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून असतो, चित्राची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी. आमचा पेशंट मात्र आडवा, आणि पोरगा त्याच्या डोक्याशी उभा. एकदा, फक्त एकदा कुणी त्याचा हात धरून वायर लावून घेतली असती तर ही चूक जन्मात झाली नसती. पोराचे कान लाल झाले. मी त्याला काय बोलणार? ज्याला बोलायचं तो टाय लावून खोलीत बसलाय.

त्या डिप्लोमाच्या पीडीएफमध्ये छातीवरच्या पहिल्या वायरीची जागा लिहिलीय, ‘व्ही वन, चौथ्या बरगड्यांमधल्या जागेत, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला.’ एका अक्षराची चूक नाही. आता समोर विडी वळणारी सत्तरीची अम्मा आहे. घरी तेलुगू, मराठी अर्धंमुर्धं कळतं. बाहेर ४३ डिग्री, अंगाला घामाच्या धारा, आणि मुलगा नि जावई दोघंही आत उभे. आधी त्या दोघांना बाहेर काढा. पडदा ओढा. ‘अम्मा, भयपडकंडी’, घाबरू नका, म्हणत माझ्या मोडक्या तेलुगूत समजवा. पदर, ब्लाउजची बटणं, सगळं तिची लाज सांभाळत. छाती कोरडी पुसा. मग गळ्याखालच्या खळग्यातून बोट हळूहळू खाली सरकवायचं, हाडावर एक उंचवटा लागतो, तिथं दुसरी बरगडी. तिच्याखालची जागा दुसरी, मग तिसरी, मग चौथी. व्ही फोर, म्हणजे छातीवरची चौथी वायर, पाचव्या जागेत, म्हणजे बाईच्या स्तनाच्या खाली. लाजेपायी वरच चिकटवून मोकळं झालं की आलेख फसवा येतो. घामानं सक्शनचे बल्ब निसटतात, रेघ वरखाली झुलायला लागते. मनगटावरच्या क्लॅम्पच्या आड हिरव्या बांगड्या, त्या वर सरकवायच्या, फोडायच्या नाहीत, नाहीतर अम्मा निम्मी तिथंच खचते. शेजारी कूलर लावलेला असला तर रेघ जाड, केसाळ, विजेच्या ५० हर्ट्झची घरघर. ती घाबरून थरथरत असली तर रेघेवर बारीक काटे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत व्हावा, असं जगभरचे हृदयतज्ज्ञ सांगतात. त्या १० मिनिटांत हे सगळं निस्तरून कागद सेकंदाला २५ मिलिमीटरनं सोडायचा. कुठल्या व्हिडिओत आहे हो ही अम्मा? त्यांच्या व्हिडिओत एक सडपातळ, छातीवर एक केस नसलेला परदेशी तरुण आहे, एसीत पहुडलेला.

टीएमटीचं तेच. ब्रूस प्रोटोकॉलचा तक्ता कुणीही पाठ करील, दर ३ मिनिटांनी वेग वाढतो, चढ वाढतो. २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज. पण पट्ट्यावर चालणारा माणूस तोंडानं ‘बरंय, बरंय’ म्हणतोय आणि दांडी मात्र बोटं पांढरी होईस्तोवर आवळतोय, हे बघून स्टॉपच्या बटणाकडं हात कधी न्यायचा, ते तक्त्यात नाही. कॅथलॅबमधला रक्ताचं प्रेशर मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीच्या खाली लटकला तर प्रेशर खोटं जास्त दिसतं. पीडीएफमध्ये यावर एक ओळ आहे. रेडिएशन अडवणारा शिशाचा एप्रन घालून उभं राहिल्यावर कंबर कशी बोलते, त्यावर तीही नाही.

कायदा नाही असं नाही. २०२१ साली संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्ससाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातल्या इतर कामांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट आहे, ईसीजी-इकोवालेही आहेत. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी हवी, असं त्यात सरळ लिहिलंय. मग २०२५ मध्ये यूजीसीनं सांगितलं, या कायद्यातले विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणानं नि ऑनलाइन शिकवायचे नाहीत. बरोबर केलं. मी तर म्हणते उशीर केला. पण ती बंदी लागली विद्यापीठांना. मोबाईलच्या दुकानावरचा टायवाला विद्यापीठ थोडाच आहे! त्याची जाहिरात चालूच.

आणि आमच्यासारख्यांचं काय? २००० तास म्हणे. दिवसाचे ८, आठवड्याचे ६ दिवस धरा, वर्षाच्या आत २००० तास नुसत्या ड्युटीत संपतात. माझे त्यातले किती धरतात? शून्य. आणि त्या लॉगबुकातल्या, कधीच न झालेल्या केसेस? त्या सगळ्या धरल्या, सही-शिक्क्यानिशी, आणि पोराला डिप्लोमा मिळाला. याच्यावर संताप करायचा नाही तर कशावर करायचा?

ड्युटी म्हणजे शिक्षण नव्हे, हे मलाही कळतं. शिकवणारा नसेल तर माणूस एकच चूक वर्षानुवर्षं सफाईनं करत राहतो, असे नमुने मी बघितलेत. पण मग शिकवणारा तिथंच उभा करा ना! धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गीहून पेशंट सोलापुरात येतात. कार्डिऑलॉजिस्ट इथं, मशीन इथं, पेशंट इथं, आणि शिकायला तयार असलेली माणसंही इथंच, रात्रपाळीत जागी. शरीररचना, हृदयातले विजेचे प्रवाह, रेडिएशनपासून बचाव, हे मी रात्री घरी वाचीन, त्याला रोज वर्गात कशाला कोंबता? हाताचं काम माझ्याच दवाखान्यात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, मोजून, आणि परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक. अमेरिकेतसुद्धा थिअरी ऑनलाइन देणारे कोर्स आहेत, पण प्रात्यक्षिकाचे तास खऱ्या रुग्णालयात, देखरेखीखाली भरावेच लागतात. आपल्याकडं एक तर नोकरी सोडून दिवसभर हजेरी, नाहीतर कुरिअरनं आलेला डिप्लोमा. मधलं काही नाही.

मधलं काही नको असणारेही आहेत, बरं का. मोठ्या पदवीचा माणूस घेतला तर मोठा पगार द्यावा लागतो. कुरिअरचा डिप्लोमावाला स्वस्तात येतो, आणि त्याला मीच शिकवते, हेल्परच्या पगारात. एनएबीएच या दवाखान्यांचा दर्जा बघणाऱ्या संस्थेची तपासणी जवळ आली की एचआरची पळापळ बघा. ‘मॅडम, एखादं सर्टिफिकेट असेल तर झेरॉक्स द्या की फाइलला. कसलंही चालेल.’ कसलंही! वर्षभर क्वालिफिकेशन नाही म्हणून ऐकवायचं आणि तपासणीच्या आदल्या दिवशी कसलंही चालेल!

कडी म्हणजे परवाचा फोन. तोच टायवाला. मला वाटलं ॲडमिशनसाठी मागं लागतोय. नाही. ‘मॅडम, आमच्या स्टुडंट्सच्या लॉगबुकवर सुपरवायझर म्हणून सही द्याल का? एका बुकाचे एवढे एवढे देतो.’ मी म्हटलं, अहो, मी पगारपत्रकावर हेल्पर आहे, माझी सही कशी चालेल? तर म्हणतो, ‘चालते ओ मॅडम, फक्त हॉस्पिटलचा शिक्का तेवढा बघा.’

फोन लगेच ठेवला नाही मी. आधी मनसोक्त सोलापुरी शिव्या घातल्या, मग ठेवला.