एअरब्रशला ४० पीएसआय? तो मेसेज आधी पुसा

मॉडेल बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘एअरब्रशचे पाच सुवर्णनियम’ फिरतायत. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, आणि तो दाब मोजायचा पीएसआयमध्ये. फिरू देत म्हणून मी सोडून दिलं होतं. पण काल जुळे सोलापुरातून भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, चाळीसच्या खाली प्रेशर लावायचंच नाही म्हणतंय की. पंक्चरवाल्याकडं पाईप जोडून बघू का?’’ पोराच्या हातात १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ विमानाचं मॉडेल आहे, जेमतेम वीतभर. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचा पहिला नियम: ‘प्रेशर कायम ४०. जेवढं जास्त, तेवढा थेंब बारीक, तेवढं काम गुळगुळीत.’

यातलं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. प्रेशर वाढवलं की थेंब बारीक होतो. खाली बाटली लावून रंग ओढणारा एअरब्रश असेल, ०.५ मिमीचं नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं तोंड असेल, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, जाड असेल, तर २५-३० लागतंही. पण वर कप असलेल्या, ०.३ नोझलच्या एअरब्रशला ४० कशाला? बारीक थेंब वाळतोही लवकर, हे मेसेजवाला विसरला. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास, त्यात हवा कोरडी ठक्क. ४० वर उडवलेलं अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकपर्यंत पोचायच्या आत वाळतं आणि पंखावर धुळीसारखं बसतं. बोट फिरवा, खरखर लागेल. बरं, वाळू नये म्हणून जवळ गेलात तर हवेचा झोतच ओल्या रंगाला ढकलतो आणि चहूबाजूंना बारीक ओघळ पळतात. लांबून धरा, जवळून धरा, मॉडेल वायाच.

भाच्याला मिग उघड्या धातूचं, चंदेरी करायचंय. अ‍ॅल्क्लॅड टू हे धातुरंग बनवणारेच त्यांच्या रंगासाठी १२ ते १५ पीएसआय सांगतात. तो रंग मुळातच पातळ, बाटलीतून थेट कपात ओतायचा. रंग बनवणाऱ्याला कळत नाही आणि फॉरवर्ड करणाऱ्याला कळतं होय?

नेहमीचं अ‍ॅक्रिलिक दुधाइतकं पातळ करून १५-२० वर चालतं. बारीक रेघा, छोटे ठिपके मारायचे तर रंग आणखी पातळ करा, १०-१२ वर या आणि जवळ जा. रंगाचा पातळपणा, नोझल आणि अंतर, यातलं एक बदललं की आकडा बदलतो. आधी टाकाऊ प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघा. उन्हाळ्यात कपात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब टाका.

‘रेग्युलेटर ही कंपन्यांची लूट आहे, पंक्चरच्या दुकानातली हवा चालते.’ अहो, ती टाकी ट्रकची चाकं भरायला असते, १०० पीएसआयच्या पुढं. शिवाय त्या हवेतून तेल आणि पाणी येतं ते वेगळंच. प्रेशर कमी करून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर, दोन्ही लागतात. विषय संपला.

‘काटा आधी लावून ठेवा, मग बघू नका.’ उलट आहे. ट्रिगर दाबून हवा सुटली की प्रेशरचा काटा खाली येतो. हवा चालू ठेवूनच आकडा लावायचा.

आता चौथा नियम, जो वाचून माझं डोकंच फिरलं. ‘नोझल चोंदलं तर बोटानं तोंड दाबा आणि प्रेशर फुल्ल करा.’ तोंड दाबल्यावर हवा जाणार कुठं? मागं, कपात. आणि कपातला रंग थेट तुमच्या चेहऱ्यावर, डोळ्यांत. हवा उलटी सोडून धुतात, हे खरं. पण तेव्हा कपात रंग नसतो, थिनर असतं, प्रेशर अगदी कमी असतं आणि कपावर झाकण असतं. आणि बहुतेक वेळा नोझल चोंदलेलं नसतंच, नोझलमधल्या सुईच्या, म्हणजे नीडलच्या, टोकाला रंग वाळलेला असतो. थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशनं टोक हळूच पुसलं की काम झालं. प्रेशर वाढवाल तर टोकावर रंग आणखी लवकर वाळेल.

‘अ‍ॅक्रिलिक पाण्याचं, मास्क नको.’ टामिया कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकचं थिनर, एक्स-२०ए, त्यात अल्कोहोल असतं. अ‍ॅल्क्लॅड तर सरळ लॅकर, म्हणजे उग्र थिनरवाला, पेट घेणारा रंग. निव्वळ पाण्याचा रंग घेतला तरी त्याचं धुकं छातीत जातंच, आणि यांच्या ४० पीएसआयनं ते आणखी बारीक होणार. तोंडाला टॉवेल गुंडाळून वाफ अडत नाही, रसायनांच्या वाफेसाठी कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो. खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावा, आणि लॅकर मारताना त्या खोलीत समईसुद्धा पेटती ठेवू नका.