गुळानं अ‍ॅस्बेस्टॉस निघत नाही, आणि दाव्यासाठी गुजरातही गाठावं लागत नाही

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "अलंगला जहाजं तोडली, बॉयलरचं लॅगिंग काढलं, सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात राबले, तरी भिऊ नका. रोज रात्री गुळाचा खडा खा, धूळ निघून जाते. काम सोडून वीस वर्षं झाली तर धोका संपला. खोकला बिडीचाच. भरपाई विसरा, ठेकेदार पळाला, मुदत गेली, केस गुजरातेतच चालते." परवा तो आमच्या मामाजींपर्यंत पोचला आणि त्यांनी नागपूरला जाऊन छातीचा फोटो काढायचं रद्द केलं.

अलंग हे गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातलं जहाजं तोडायचं ठिकाण. लॅगिंग म्हणजे बॉयलरवरचं उष्णता अडवणारं वेष्टन. या सगळ्या कामांत अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या तंतुमय खनिजाची धूळ उडते.

आधी गूळ. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू श्वासनलिकेतून फुप्फुसाच्या टोकाच्या हवेच्या पिशव्यांत जाऊन रुततो. घशाखाली दोघांच्या वाटाच वेगळ्या. तिथल्या भक्षक पेशी तंतू गिळू पाहतात, लांब तंतू त्यांच्यात मावत नाही, पेशी मरते आणि त्या जागी वण धरतो. वण वाढत फुप्फुस कडक होतं, चढावर दम लागतो. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस, आणि तो वण पुसणारं औषधच नाही. धुळीच्या कामावर गूळ वाटायची जुनी रीत आहे. त्यानं घशाला बरं वाटतं, तेवढंच. धूळ आवरते ती लॅगिंग ओलं करून काढल्यानं आणि बारीक कण अडवणाऱ्या मास्कनं. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून तंतू आरपार जातो. गुळाच्या भरवशावर तपासणी टाळणं म्हणजे आजाराला रान मोकळं सोडणं.

वीस वर्षांचं म्हणणं तर साफ उलटं. अ‍ॅस्बेस्टॉसिस बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसू लागतो. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, तीस-चाळीस वर्षांनीही.

बिडीबाबत अर्धं खरं आहे, मान्य. बिडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, म्हणून बिडी सोडाच. पण मेसोथेलिओमा बिडीनं होत नाही. आपल्याकडं अशा खोकल्यावर थुंकी निगेटिव्ह असतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होतात. डॉक्टरांना आपणहून सांगा: कोणत्या साली, कुठं, कोणतं काम केलं. ते त्यांच्याकडून केसपेपरवर लिहवून घ्या. मग एक्स-रे, फुंकून करायची स्पायरोमेट्री, गरज पडली तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन.

आता भरपाई. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या ग्राहक संस्थेच्या खटल्यात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना बजावलं: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर जपायची. तुमची नोंद लेखी मागा, स्पीड पोस्टानं, पावती जपून.

ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसिस १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, त्यातही व्यावसायिक आजारांची तिसरी अनुसूची आहे. दावा तुम्ही राहता तिथल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडं (जुन्या कायद्यात भरपाई आयुक्त) दाखल करता येतो. भावनगरच्या खेपा नकोत. ईएसआयचा (कामगार राज्य विमा) विमा असेल तर मात्र दावा ईएसआयकडंच.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि काम सोडून बरीच वर्षं झाल्यावर दावा अवघड जातो, हेही खरं. पण सबळ कारण दिल्यास सक्षम प्राधिकारी उशीर माफ करू शकतात. आजार आज कळला हे दाखवणारा तारखेचा रिपोर्ट म्हणूनच लागतो. सोबत गेटपास, पीएफ पासबुक (त्यात आस्थापनेचं नाव असतं), बरोबरच्या दोन कामगारांची प्रतिज्ञापत्रं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो.

कामगार वारला असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनी मृत्यूपासून दोन वर्षांत अर्ज करावा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि एक्स-रेच्या फिल्मा तेराव्याच्या आवराआवरीत फेकू नका.