गणपतीच्या सकाळी अठरा घरं कशी घ्यायची

पौरोहित्यात नवीन आलाय ना तुम्ही? मग संथा झाली असेल, अथर्वशीर्ष पाठ असेल, आवाज पण खणखणीत असेल, पण नुसत्या त्याने काही होत नाही हो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला टाइमटेबल कसं लावायचं ते कुठलीच पाठशाळा शिकवत नाही, म्हणून मी सांगतो. मी गुरुजी नाही, यजमान आहे, म्हणजे गेली बारा वर्षं डोंबिवलीत चौरंगासमोर सोवळं नेसून वाट बघत बसणारा माणूस, त्यामुळे या विषयात माझा अभ्यास तुमच्यापेक्षा दोन पैसे जास्तच आहे.

पहिलं म्हणजे गणित करायचं नाही. पंचांगवाले दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात की पार्थिव गणेशाची स्थापना ब्राह्ममुहूर्तापासून मध्यान्ह संपेपर्यंत कधीही करा, भद्रा-बिद्रा बघू नका, म्हणजे पहाटे पाच ते दुपारी पावणेदोन धरले तर पावणेनऊ तास, मिनिटं ५२५. प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, २१ पत्री, अथर्वशीर्ष, आरती हे सगळं नीट सांगून केलं तर एका घरी पाऊण तास, वर गाडी काढा, पार्किंग शोधा, लिफ्टची वाट बघा याची वीस मिनिटं. ५२५ भागिले ६५, आठ घरं. फक्त आठ! वर्षातून एकदा येणारा दिवस आणि आठ घरं? बघा, गणित केलं की असं मन खचतं. तुम्ही अठरा घ्या.

फोन श्रावणातच सुरू होतात. डायरीची पानं उलटल्याचा आवाज करायचा (डायरी असलीच पाहिजे असं नाही, पेपर चालतो) आणि विचारायचं, किती वाजता हवंय? समोरून येणार, साडेनऊ. सगळ्यांना साडेनऊच हवे असतात. पहाटे पाच शास्त्राला चालतात पण यजमानाला नाही चालत, त्याला मूर्ती आणायची असते, मखराच्या लायटिंगची एक माळ ऐनवेळी पेटत नसते, सासुरवाडीची मंडळी कल्याणहून यायची असतात. तुम्ही वाद घालू नका. अठराच्या अठरा जणांना साडेनऊ द्या आणि फोन ठेवता ठेवता म्हणा, ‘पुढेमागे होईल थोडं.’ हे वाक्य विसरलात तर मेलात. त्यातलं ‘मागे’ कितीही ताणता येतं, आणि ‘पुढे’ मी बारा वर्षांत एकदाच अनुभवलंय, गुरुजी सव्वासहाला दारात आणि माझ्या तोंडात टूथब्रश.

घरांचा क्रम हा कळीचा मुद्दा आहे. अडाणी माणूस जवळजवळची घरं एकापाठोपाठ घेईल. तुम्ही पहिलं पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, तिसरं परत पूर्वेला असं घ्या, म्हणजे एकदा कोपर पुलावर अडकलोय म्हणता येतं आणि एकदा ठाकुर्लीच्या पुलावर, आणि मुख्य म्हणजे सणाच्या दिवशी खोटं बोलल्याचं पाप लागत नाही कारण तुम्ही खरंच अडकलेले असता. एका बिल्डिंगमध्ये दोन घरं मिळाली तर मात्र सोनं. चौथ्या मजल्यावर संकल्प सोडायचा, यजमानाला म्हणायचं, आता तुम्ही शांत चित्ताने १०८ वेळा नाममंत्र म्हणा, आणि जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन तिथलं पंचामृत उरकायचं. परत वर याल तेव्हा वरचा यजमान साठ-सत्तरपर्यंत आलेला असतो आणि तुम्ही गेला होतात हे त्याला कळलेलंही नसतं, बायकोला कळलेलं असतं पण ती काही बोलत नाही.

आता भाषा. ‘निघालोच’ म्हणजे अंगाला साबण लावलाय. ‘रस्त्यातच आहे’ म्हणजे दुसऱ्याच्या घरी आचमन चाललंय. ‘तुमच्या बिल्डिंगखालीच आहे’ हे खरं असतं, फक्त बिल्डिंग वेगळी असते. आणि हुकमाचा एक्का, ‘तोपर्यंत तयारी करून ठेवा’. हे म्हटलं की उशीर आपोआप यजमानाच्या अंगावर जातो, घरात धावपळ होते, विड्याची पानं पुसली आहेत का, सुपाऱ्या कुठे गेल्या, जानवं कोणी उचललं, कापसाची वस्त्रं माळ्यावरच्या डब्यात आहेत, आणि या गडबडीत पाऊण तास कसा जातो कळत नाही.

तरी उशीर झालाच तर पोथीतच सोय आहे. सोळा उपचारांपैकी जे नसेल त्याच्या जागी अक्षता चालतात. एकदा सुरात ‘सर्वोपचारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हटलं की वीस मिनिटं वाचली. आमच्याकडच्या एका वर्षी तर मूर्ती, समई आणि मी सोडून बाकी सगळंच अक्षता होतं.

परदेशातली घरं जरूर घ्या. न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा, इथलं कुत्रं तो स्लॉट विचारत नाही, लॅपटॉप लावला की झालं. फक्त हे लोक कॅलेंडर इन्व्हाइट पाठवतात, ते अ‍ॅक्सेप्ट करायचं नाही, पुरावा राहतो.

आणि यजमानांची दया तर अजिबात येऊ देऊ नका. आम्ही काय कमी आहोत का? सेफ साइड म्हणून दोन-दोन गुरुजी सांगून ठेवतो, जो आधी येईल त्याची पूजा, दुसऱ्याला दारातनंच ‘अहो झालं की आमचं’. वेळेवर आलेल्या माणसाला मूर्ती यायचीय म्हणून सोफ्यावर बसवून चहा पाजतो, त्याची पुढची सगळी घरं तिथेच घसरतात आणि मग ती घरं त्याच्या नावाने बोटं मोडतात.

मागच्या वर्षी, २७ ऑगस्ट, बुधवार. साडेनऊचे गुरुजी बारा पन्नासला आले. तोवर काकांनी शुगरची गोळी घेऊन चुरमुरे खाल्ले होते, धाकटा मोदकांच्या पातेल्याभोवती मांजरासारखा घिरट्या घालत होता, उकड वरून सुकायला लागली होती. मी ठरवलं होतं की आज बोलायचंच. तर आचमनालाच गुरुजींचा फोन वाजला. ‘केशवाय नमः, हां बोला, नारायणाय नमः, निघालोच, माधवाय नमः, खालीच आहे तुमच्या, गोविंदाय नमः, पाणी सोडा ताम्हणात.’ पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, कोणीतरी माझ्यासारखाच, त्याच्याही मागे मूल रडत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, बारा वर्षांत पहिल्यांदा मी फोनच्या या बाजूला होतो, इतकं बरं वाटलं की मीच म्हटलं, गुरुजी, अथर्वशीर्ष सावकाश होऊ द्या, घाई नाही.

दक्षिणा स्कॅन झाली. दारात गुरुजी म्हणाले, पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर, सोमवार, किती वाजता येऊ? मी छाती काढून म्हटलं, सहाला या, पहिलं घर आमचं. आतून आवाज आला, ‘सहाला? आणि मोदक कोण, तुमची आत्या वळणार?’

गुरुजी एका पायात चप्पल घालत म्हणाले, साडेनऊच धरतो मग.