आजोबा एक, नातवंडं चौदा

अ‍ॅक्चुअरी व्हायला एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात निघालात? उत्तम. कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात दगावतील, याचा हिशेब पुढे आयुष्यभर करायचाच आहे. त्याआधी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, उरकून घ्या.

क्लास लावताना पाटीवर 'बँड 8 हमखास' लिहिलेलाच लावा. (बँड म्हणजे गुण, नऊपैकी.) हमखास असं काही नसतं यावरच तुमचा उद्याचा धंदा चालणार आहे, पण तो उद्याचा.

निबंध पाठ करा. किमान 250 शब्द हवेत, त्यातले 180 घरूनच न्यावेत. विषय वृद्धाश्रमांचा असो की सायकलींचा, सुरुवात 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' अशीच. पाठांतर ओळखू आलं की गुण जातात म्हणे. जाऊ द्या, परीक्षकाला तुमचंच कसं ओळखू येईल?

आलेखाच्या प्रश्नात मात्र तुमच्यातला गणिती जागा झाला पाहिजे. चहाचा खप 1990 ते 2010 दाखवलाय? 2040 पर्यंत ओढा. कारणं द्या, जमल्यास घसारा काढा. परीक्षकाला बिचाऱ्याला दीडशे शब्दांत एवढंच हवं असतं, की रेघ वर गेली की खाली आली. इतकं सोपं काय लिहायचं!

तोंडी परीक्षेत कार्ड हातात येतं, विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. 'तुमच्यावर प्रभाव पाडणारी व्यक्ती' आली, तर क्लासचे आजोबा काढा. आमच्या बॅचमध्ये चौदा जणांना एकाच आजोबांनी सायकल शिकवली, त्याच आंब्याखाली, आणि चौदाही वेळा गुडघा फुटला. (डावा.) चौदा स्वतंत्र घटना एकदम घडण्याची शक्यता किती, ते पहिल्या सत्रात शिकालच.

आता निकाल. लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 6, रायटिंग 5.5. सरासरी 6.75, आणि पाऊण आला की वरच्या पूर्णांकात ढकलतात, म्हणजे 7! पेढे आणा. आत्याला फोन करा. विद्यापीठाचं पत्र सावकाश वाचा, घाई नाही. 'प्रत्येक भागात किमान 6' ही ओळ बहुधा शेवटच्या पानावर असते, तोवर पेढे वाटून होतात.

क्लासला कळवायला विसरू नका. जुन्या विद्यार्थ्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे, आणि आजोबा तेच आहेत.